आता बघ, आता येतंय

आमचे मालक पलटणीतून कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्या काळ्या पेटीत दोन कांबळी, एक मच्छरदाणी आणि बुटाच्या पॉलिशची डबी होती. फोनमध्ये एक विनोदी पिक्चर होता. पेटीतल्या वस्तू त्यांनी पहिल्याच दिवशी जागच्या जागी लावल्या. पिक्चर दाखवायला मात्र आठ दिवस थांबले. जेवण उरकलेलं, भांडी झालेली आणि माझ्या हातात काही काम नाही, अशी वेळ ते शोधत असावेत. आमच्या घरी अशी वेळ लवकर सापडत नाही.

एका दुपारी त्यांनी फोन टीव्हीला जोडला आणि मला समोर बसवलं.

"पलटणीत हा लावला तवा दोनशे जवान हुते," ते म्हणाले. "एकजण हसता हसता खुर्चीवरनं पडला. सायब बी हसले. तू बघच."

मी पदर सावरून बसले. हसायचं आहे म्हटल्यावर मला परीक्षेला बसल्यासारखं वाटायला लागलं. मी चौथी शिकलेली बाई.

पिक्चरची गोष्ट साधी होती. एक तरुण लग्नासाठी मुलगी बघायला जातो. ऐनवेळी स्वतःची पँट फाटते म्हणून भावाची घालतो. भाऊ अंगानं थोराड, त्यामुळे पँट कमरेला सुतळीनं बांधलेली. ती सुतळी मुलीच्या दारातच तुटते. मग तो जो खुर्चीत बसतो तो उठतच नाही. थोरांच्या पाया पड म्हणतात, तर बसल्या जागेवरून हात जोडतो. गोठा बघायला चला म्हणतात, तर म्हणतो मला म्हशींचं भ्या वाटतं. शेवटी दिवेलागण होते, आजी देवापुढं दिवा लावते आणि सगळं घर आरतीला उभं राहतं. आरतीला उभं राहायलाच लागतं आणि टाळ्या दोन्ही हातांनी वाजवायला लागतात.

हे आत्ता इथं सांगितलं आणि मनात परत घोळवून बघितलं. मला काही हसू आलं नाही. त्या दुपारीही असंच झालं होतं.

मालकांची दाखवायची पद्धत अशी. काही गमतीचं यायच्या आधी ते पिक्चर थांबवायचे. "आता बघ, आता येतंय," म्हणायचे. मग उठून ते काय येतंय ते स्वतः करून दाखवायचे. आरतीच्या वेळी तर बनेलवर उभे राहिले, दोन्ही कोपरं कमरेला घट्ट दाबली आणि कोपरं न हलवता नुसत्या तळहातांनी टाळ्या वाजवल्या. मग पिक्चर सुरू केला. पडद्यावरच्या माणसानंही तेच केलं. पण तोवर मालक पडद्याकडं बघत नव्हते. माझ्या तोंडाकडं बघत होते.

"न्हाई आवडला?" पिक्चर संपल्यावर त्यांनी विचारलं.

"आवडला की."

"मग हसली न्हाईस."

"हसले की."

"कवा?"

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तेही हसले नव्हते. पिक्चर बंद करून ते बराच वेळ फोन उलटासुलटा करून बघत राहिले, जणू आत कुणी काही बदलून ठेवलंय.

आमचं गाव कडेगावच्या बाजूला. घरचा ऊस आहे. लग्न झालं तेव्हापासून मालक फौजेत, वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे. बाकीचे दहा महिने मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या वाईट नव्हत्या, पण सुनेच्या हसण्याचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये असं त्यांचं म्हणणं होतं. त्या स्वतःही पदरात तोंड घालूनच हसायच्या. आत्याबाई गेल्या, तरी माझी सवय राहिली. शेजारी माझी थोरली चुलतजाऊ राहते. तिला मी आक्का म्हणते. ती म्हणते, "हिचं हसणं बघायचं आसंल तर पाठीमागनं बघावं. खांदं हलत्यात."

मालकांनी माझे खांदे कधी बघितले नसावेत. दोन महिन्यांच्या सुट्टीत माणूस किती काय बघणार?

त्यानंतर ते मला सांगलीला थेटरात घेऊन गेले. घरच्या टीव्हीवर मजा येत नाही, पिक्चर चार माणसांत बघावा, असं त्यांचं मत झालं होतं. पिक्चर नवा होता. बाहेर लावलेल्या चित्रात त्यातला हसवणारा नट डोळे तिरळे करून उभा होता. ते चित्र बघूनच लोक हसत आत शिरत होते.

पिक्चरमध्ये तो नट एका मुलीचा बाप झाला होता. अर्धा पिक्चर गमतीचा होता, मी मनातून बरीच हसले. मग मुलगी सासरी जाते, आणि बाप तिच्या राहिलेल्या चपला हातात घेऊन दारात उभा राहतो. काही बोलत नाही. तोंड नुसतं वाकडं होतं. आणि सगळं थेटर हसलं.

मला कळेना. मी इकडं तिकडं बघितलं. तो माणूस रडत होता आणि लोक हसत होते. तो रडतोय हे त्यांना दिसतच नव्हतं. त्यांनी तिकीट हसण्याचं काढलं होतं, आणि त्या नटाचं तोंड वाकडं झालं म्हणजे आता काहीतरी गंमत येणार हे त्यांना ठाऊक होतं. ते वाट बघत होते. मला त्या नटाचं नाव माहीत नव्हतं, म्हणून मला फक्त बाप दिसला. मी पदर डोळ्याला लावला.

मालकांनी ते बघितलं. बाहेर आल्यावर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभे राहून म्हणाले, "हसायच्या पिक्चरला आणली तर रडतीस. आता रडायच्या पिक्चरला नेऊन बघतो."

ते चेष्टेनं म्हणाले, पण आवाज चेष्टेचा नव्हता.

मग पुण्याचे फोन यायला लागले. त्यांच्या पलटणीतल्या एका सोबत्यानं तिथं मोठ्या इमारतीच्या गेटवर पहारेकऱ्याचं काम धरलं होतं. तो म्हणायचा, जागा आहे, खोली मिळते, आपली चार माणसं संध्याकाळी एकत्र बसतात. मालक ओसरीवर बसून बोलायचे, तेव्हा आत मला सगळं ऐकू यायचं.

"बघतो. यात्रा हुंदे, मग ठरवतो," ते म्हणायचे. एकदा म्हणाले, "हितं काय, मन लागत न्हाई गड्या. घरात बोलायला भिताड."

ते भिताड मी होते. मला राग आला नाही. वाईट वाटलं, आणि भीती वाटली. मला ते जायला नको होते. पण जाऊ नका, असं म्हणायला जे तोंड लागतं ते मला नाही. मी भाकरी थापत राहिले.

पण त्या भाकरी थापताना मी एका गोष्टीचा विचार करायला लागले, आणि ती डोक्यातून जाईना. दोनशे माणसं ज्याला हसली त्याला मी का हसले नाही? आणि त्यांना तरी दुसऱ्यांदा का हसू आलं नाही?

आक्का मला फोनवर गमतीचे व्हिडिओ पाठवते. वर लिहिलेलं असतं, 'हसून हसून पोट दुखेल'. मी एकेक अक्षर लावत ते वाचते आणि मग बघते. वाचून होईपर्यंत माझं तोंड गप्प झालेलं असतं. एके दिवशी मी वरच्या अक्षरांवर अंगठा ठेवून बघायचं ठरवलं. पाच व्हिडिओ असे बघितले. दोन बघून मला खरंच हसू आलं. एकात एक शेळी तिच्या मालकिणीच्या मागनं गुपचूप घरात शिरून तिच्याच खाटेवर बसली होती, एवढंच. मग मी आधी बघून झालेले जुने व्हिडिओ परत काढले आणि अंगठा ठेवून बघितले. ते बघून काही हसू आलं नाही. अंगठ्याखाली काय आहे ते आता मला माहीत होतं.

मला माझी आई आठवली. माझं माहेर साताऱ्याकडचं. पाहुणे जेवायला बसले की आई म्हणायची, "आज काय जमलं न्हाई बगा, घ्या दोन घास." तेव्हा माणसं तीन तीन भाकरी खायची. चुलतीला सवय होती, वाढतानाच सांगायची की आज कालवण लय झकास झालंय. तिच्याकडं जेवणारा पहिल्या घासाला मीठ शोधायचा. दोघींच्या हाताला सारखीच चव होती, मी दोन्ही घरी जेवलेली आहे.

म्हणजे आधी सांगितलं की मजा जाते, असं मी ठरवून टाकलं. दोन दिवस मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

मग आक्काच्या भाचीचं लग्न लागलं, आणि सगळ्या बायकांनी नवरीला नाव घ्यायला धरलं. नाव कुणाचं येणार ते सगळ्यांना माहीत. ते शेवटी येणार हेही माहीत. तरी सगळ्या श्वास धरून बसलेल्या. नवरी अडली, लाजली, परत पहिल्यापासून म्हणायला लागली, आणि नाव यायच्या आधीच बायका फुटल्या. मी पण खांद्यानं हसले. आणि तिथंच माझी हुशारी संपली. इथं तर सगळं आधीच माहीत होतं. मग मजा कशी गेली नाही?

याचं उत्तर मला सापडलं नव्हतं, तोवर यात्रा आली.

आमच्या गावात यात्रेला शाळेच्या पटांगणात पडदा लावतात. दोन खांबांना बांधलेलं पांढरं कापड. पुरुष पुढच्या बाजूला बसतात आणि बायका कापडाच्या मागच्या बाजूला. गाडीतून फिरते पिक्चर यायचे तेव्हापासूनची ही रीत आहे. आता तरुण मुली पुढं खुर्च्या टाकून बसतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. पण माझ्या वयाच्या बायका अजून मागंच जातात. मागनं चित्र उलटं दिसतं. सगळी माणसं डाव्या हातानं जेवतात. "आली डावऱ्यांची वरात," असं आक्का दरवर्षी म्हणते. पडद्यावरची अक्षरंही उलटी येतात. मला सुलट्या अक्षरांनाही वेळ लागतो, म्हणून माझं काही बिघडत नाही. मागं बसण्यात एक सुख असतं. आमचं तोंड कुणाला दिसत नाही.

यंदा मंडळाच्या पोरांनी मालकांना विचारलं, "मेजर, कुठला पिक्चर लावायचा?" मालक हवालदार होते, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. मालकांनी त्यांचाच पिक्चर दिला. मग आठ दिवस पारावर सांगत सुटले. पोट दुखेल, आधीच सांगतो. पलटणीत माणूस खुर्चीवरनं पडला, सांभाळून बसा.

ते सगळं माझ्या कानावर येत होतं. मी धीर करून म्हणाले, "आवं, आधीच नका सांगू."

"का?"

"उगंच."

"सांगितलं न्हाई तर येणार कोण?"

त्यांचंही बरोबर होतं.

यात्रेदिवशी अंधार पडताच पिक्चर सुरू झाला. मी आक्काच्या शेजारी सतरंजीवर बसले होते. कापडाच्या पलीकडून पुरुषांचा आवाज येतो, माणसं दिसत नाहीत. मी पिक्चर बघतच नव्हते. पलीकडं कान लावून बसले होते.

सुतळी तुटली. पलीकडं कुणी हसलं नाही. एकजण खोकला. पाया पडायचं झालं, म्हशीचं झालं. काहीच नाही. मला न बघताही कळत होतं की सगळी हाताची घडी घालून बसलीत, दाखव आता काय दाखवतोस म्हणून. मालक पुढच्या रांगेत बसले असणार. उद्या पारावर काय होईल, परवा ते पुण्याला फोन लावतील, हे सगळं मला पडद्यापेक्षा स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "मेजर, कुठनं हसायचं त्येवढं सांगा."

त्यावर पब्लिक हसलं. पहिल्यांदाच हसलं, आणि ते मालकांना हसलं. गलका थांबल्यावर मालकांचा आवाज आला.

"थांबा रं. आता बघा, आता येतंय."

तिकडं पडद्यावर आजी काडीपेटी शोधायला उठली होती. एवढंच झालं होतं. म्हातारी नुसती उठली होती. पण "आता येतंय" कानावर पडलं आणि मला आमच्या घरातली ती दुपार दिसली. बनेलवर उभे मालक, कमरेला चिकटवलेली कोपरं, आणि तोंडावर ड्रिलला उभं राहिल्यासारखा गंभीर भाव. एवढा मोठा माणूस, पलटणीत बंदूक घेऊन उभा राहिलेला, मला हसवायला कोपरं दाबून टाळ्या वाजवत होता. त्या दुपारी मी त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं. मी परीक्षा देत होते.

आणि माझ्या घशातून आवाज निघाला. असा आवाज मी माझा कधी ऐकला नव्हता. कोंबडी उडाल्यासारखा.

आक्का दचकली. "अगं, काय झालं? अजून कायबी आलं न्हाई."

"आरती," मी म्हणाले. "आरती हाय आता." आणि पुढं बोलताच आलं नाही. मी पदर तोंडात घातला, तरी आवाज कडेनं निघत होता. आक्का माझ्याकडं बघून हसायला लागली. तिच्यापलीकडची तिला बघून. काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, पण काहीतरी येणार आहे हे आता सगळ्यांना कळलं होतं. पलीकडं एकदम शांत झालं. आजीनं काडी ओढली. दिवा लागला. सगळं घर उभं राहिलं. तो पँटवाला एकटा खुर्चीत, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या.

तो उभा राहिला तेव्हा कापडाच्या दोन्ही बाजूंनी एकदम आवाज झाला. मी डोळे पुसून बघितलं तर कापड हलत होतं. वारा असावा.

त्यानंतर लोक कशालाही हसले. पुढं त्यानं नुसतं पाणी मागितलं, तरी हसले.

सकाळी मालक चहाला बसले तेव्हा खुशीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "काल पलीकडं एक बाई हुती. आरती यायच्या आधीच सुटली. तिच्यामुळं पब्लिक सुटलं बघ. कुणाची हाय गं ती?"

मी चुलीकडं तोंड फिरवलं. "आसंल कुणीतरी."

"लय मोकळं हसणं. आसं माणूस घरात पायजे."

तेवढ्यात आक्का विरजण मागायला दारात आली. तिनं शेवटचं ऐकलं होतं. "आवं भावजी, येवढा पहारा केला जन्मभर, आन् घरातलं माणूस वळकंना तुमाला?"

"कोण, ही?"

"मग काय मी? माझ्या मांडीवर पडून हसली. लुगडं चुरगाळलं माझं."

आक्का विरजण घेऊन गेली. मालक माझ्याकडं बघत होते. त्या दुपारी बघत होते तसं नाही.

"कशाला हसलीस? अजून काय आलं बी नव्हतं."

आता बोलायलाच लागणार होतं. "तुमी म्हणालासा, थांबा, आता येतंय."

"मग?"

"मग तुमी आठवलासा. बनेलवर. टाळ्या वाजवताना."

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "म्हंजे पिक्चरला न्हाई. मला हसलीस."

"व्हय."

ते उठले आणि उसाकडं निघून गेले. मी दिवसभर कामात होते, पण लक्ष रस्त्याकडं होतं. नको ते बोलले असं वाटत होतं. ते दुपारच्या जेवणाला आले, जेवले आणि परत उसाकडं गेले.

चार दिवसांनी पुण्याचा फोन आला. यात्रा झाली होती, आता ठरवायचं होतं. मालक ओसरीवर बोलत होते. मी आत तवा उतरवून ठेवला, म्हणजे ऐकू येईल.

"न्हाई जमायचं गड्या," ते म्हणाले. "ऊस हाय. पाण्याच्या पाळ्या हायत. म्हस बी व्यायला झाली." मग पलीकडचा काहीतरी बोलला असावा. "व्हय व्हय. मन काय, लागतंय हळूहळू."

म्हैस तीन महिन्यांनी विणार होती. मी तवा परत चुलीवर ठेवला.

त्या आठवड्यात त्यांनी परत फोन टीव्हीला जोडला. मला बस म्हणाले नाहीत, मीच हात पुसून बसले. या वेळी त्यांनी पिक्चर एकदाही थांबवला नाही. सुतळी तुटली, ते गप्प. म्हशीचं आलं, ते गप्प. मी चोरून बघितलं. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले होते आणि ओठ मिटलेले. आजी काडीपेटी शोधायला उठली तसे ते वर आढ्याकडं बघायला लागले. मानेची शीर ताठ झाली होती. एवढा त्रास त्यांना पहाऱ्यावरही झाला नसेल.

मला हसू फुटलं.

"अजून आलं न्हाई," ते म्हणाले.

"माहीत हाय," मी म्हणाले.